जळका वाडा काय बघायचा?

गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे योगायोगाने एकाच विषयावरची निघाली : पडकी घरे, आणि ती पाहायला जावे की नाही. चारही पत्रे ठाणे आणि नवी मुंबईतली आहेत. पहिल्या पत्राला मी बरीच जास्त जागा देत आहे, कारण त्यात विचारलेली जागा मी स्वतः पाहिली आहे आणि तिच्याबद्दल सांगण्यासारखे पुष्कळ आहे.

प्रश्न : माझी मुलगी बर्मिंगहॅमला असते. येत्या मे महिन्यात मी आणि माझे यजमान दीड महिन्यासाठी तिच्याकडे जाणार आहोत. जावयांनी पहिल्याच शनिवारी विटली कोर्ट नावाच्या एका पडक्या वाड्याला न्यायचे ठरवले आहे. यजमान म्हणतात, “एवढे पैसे खर्चून विलायतेला जायचे आणि जळका वाडा काय बघायचा? तो तर पुण्यात शनिवारवाडाही आहे.” खरे सांगायचे तर मलाही तसेच वाटते, पण जावयांना नाही कसे म्हणावे? तिथे नेमके काय पाहण्यासारखे आहे? माझे वय ६६ असून उजवा गुडघा दुखतो, हेही लक्षात घ्यावे.
एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : तुमच्या यजमानांनी शनिवारवाड्याचे नाव काढले ते बरेच झाले, कारण विटली कोर्ट शनिवारवाड्याशी ताडून पाहिले की त्याचे वेगळेपण चटकन ध्यानात येते. १८२८ च्या फेब्रुवारीत शनिवारवाड्याला आग लागली, ती कित्येक दिवस धुमसत राहिली, आणि वरच्या मजल्यांत सागवानी लाकूडच फार असल्यामुळे त्यांतले काही हाती लागले नाही. तट, बुरूज, दरवाजे आणि जोती तेवढी राहिली. त्यामुळे तिथे आपण जोत्यांमधून हिंडतो आणि वरचे सगळे मनाने उभे करतो. विटली कोर्टमध्ये याच्या उलट आहे. तिथे भिंती छपराच्या उंचीपर्यंत उभ्या आहेत, खिडक्यांची भगदाडे आणि दर्शनी खांब जागच्या जागी आहेत, पण आत मजले नाहीत आणि वर छप्पर नाही. आपण दिवाणखान्यात उभे राहतो आणि मान वर केली की आभाळ दिसते.

आधी एक गैरसमज दूर करते. ज्याला इंग्रज लोक कंट्री हाउस म्हणतात, ते आपल्याकडच्या कर्जत-मुरबाडच्या फार्महाउससारखे शनिवार-रविवारचे घर नसते. ते जमीनदाराचे मूळ ठाणे असते. भोवतालची शेती, जंगल, कुळांची घरे, कधीकधी खाणीसुद्धा त्या घराच्या मालकीच्या असतात आणि त्या सगळ्यांच्या उत्पन्नावर ते घर चालते. आपल्याकडची जवळची वस्तू शोधायची तर सरदाराचा सरंजामी वाडा हीच म्हणावी लागेल. अशा घराची बाग आणि परिसरही घराइतकाच विचारपूर्वक रचलेला असतो, म्हणून तिथे गेल्यावर घर पाहून लगेच गाडीकडे वळू नये.

विटली कोर्ट वुस्टर शहरापासून सुमारे १६ किलोमीटरवर आहे. १६५५ मध्ये टॉमस फोली या लोखंडाच्या कारखानदाराने ही जहागीर विकत घेतली, तेव्हा इथे विटांचे एक जुने घर होतेच. पुढच्या पिढ्यांनी ते मोडून नवे बांधले नाही. त्यालाच जोडत, वाढवत, झाकत ते नेले. १८०५ च्या सुमारास जॉन नॅश या नामांकित वास्तुतज्ज्ञाने पुढे आणि मागे ग्रीक धाटणीच्या खांबांच्या भव्य देवड्या उभारल्या. त्यांपैकी दक्षिणेकडची देवडी इंग्लंडातल्या अशा घरांना लावलेल्या देवड्यांमध्ये सर्वांत मोठ्यांत गणली जाते. त्यानंतर १८५० च्या दशकात सॅम्युएल डॉक्स या वास्तुतज्ज्ञाने सगळ्या घरावर फिकट बाथ दगडाचा मुलामा चढवून त्याला इटालियन महालाचे रूप दिले. मुलामा हा शब्द मी मुद्दाम वापरला आहे. घर शाबूत असते तर पाहणाऱ्याला वाटले असते की सगळा वाडा दगडाचा आहे. आता जिथे दगड निखळला आहे तिथे आतली लाल वीट उघडी पडली आहे, आणि जुन्या टेबलाची सनमायका कोपऱ्यात सुटून आतले प्लायवूड दिसावे तसे ते दिसते. मला ते पाहून हसू आले होते. एवढ्या थाटाच्या घरानेही दर्शनी बाजूला पैसे लावून आत काटकसर केली होती, हे कळले की त्या घराचा दरारा थोडा कमी होतो आणि त्याच्याविषयी आपलेपणा वाटू लागतो.

माझे म्हणणे एवढेच आहे की पडके घर हे भंगलेल्या जागांवरून वाचायचे असते. धड घरात आपल्याला मालकाने जे दाखवायचे ठरवले तेच दिसते, म्हणजे झुंबरे, गालिचे, तैलचित्रे. पडक्या घरात कोणती भिंत आधीची, कोणती नंतरची, धुराडे कुठून वर गेले, तळघरातून नोकरांनी कसे यायचे हे सगळे उघडे पडते. मी गेले होते तो जून महिना होता आणि भुरभुर पाऊस होता. एका दालनात उभे राहून वर पाहिले तर वरच्या मजल्याच्या उंचीवर भिंतीत एक शेकोटीची कमान होती. तिच्यापुढे जमीन नव्हती. खाली पंधरा-वीस फुटांवर आम्ही माणसे छत्र्या धरून उभी होतो. त्या कमानीत कावळ्याच्या जातीच्या एका लहान पाखराने काटक्या रचल्या होत्या आणि ते आम्हाला अजिबात न जुमानता ये-जा करत होते. कुणीतरी नोकर रोज पहाटे त्या शेकोटीपर्यंत कोळसा चढवत असणार आणि तो कुठल्या जिन्याने चढत असेल, हे मी बराच वेळ शोधत राहिले. तो जिना काही सापडला नाही. तुम्हाला सापडला तर जरूर कळवा.

कोळशाचा विषय निघालाच आहे तर पैशांचेही सांगते. १८३७ मध्ये कर्जात बुडालेल्या फोली घराण्याने ही मालमत्ता ८,९०,००० पौंडांना विकली. ती घेणारे विल्यम वॉर्ड पुढे डडलीचे अर्ल झाले. त्यांची कमाई बर्मिंगहॅमच्या पश्चिमेकडच्या कोळशाच्या खाणी आणि लोखंडाच्या भट्ट्यांमधली. त्या भागाला धुराच्या काजळीमुळे ब्लॅक कंट्री असेच म्हणतात. बाग इतकी हिरवीगार असण्यासाठी दुसरीकडे कुठेतरी आभाळ काळे होत होते, हे तिथल्या हिरवळीवर बसताना आठवले तर बिघडत नाही. आणखी एक गोष्ट नवी मुंबईच्या वाचकांना विशेष जाणवेल. घराभोवती मोकळा देखावा हवा म्हणून अठराव्या शतकात ग्रेट विटली हे गावच तिथून उठवून दुसरीकडे वसवले गेले. शहरासाठी पंचाण्णव गावांची जमीन गेली हे ज्यांच्या घरात अजून जेवताना बोलले जाते, त्यांना एका माणसाच्या खिडकीतला देखावा मोकळा व्हावा म्हणून गाव हलवल्याचे वाचून काय वाटेल, ते मी सांगायला नको.

आता कारंजे. तुमच्या यजमानांना कुठल्या एका गोष्टीने तिथे न्यायचे असेल तर ती ही. डडलींनी बाग आखण्याचे काम विल्यम नेसफील्ड या उद्यानरचनाकाराला दिले आणि दक्षिणेकडच्या बागेत एक प्रचंड कारंजे उभे राहिले. ग्रीक पुराणातला पर्सियस हा वीर पंखांच्या घोड्यावर बसून समुद्रातल्या राक्षसी प्राण्यावर तुटून पडला आहे आणि खडकाला साखळदंडांनी बांधलेल्या अँड्रॉमेडेला सोडवतो आहे, असा तो शिल्पसमूह आहे. त्याची मुख्य धार सुमारे १२० फूट वर जात असे आणि त्या काळच्या लोकांना तिचा आवाज धडधडत जाणाऱ्या आगगाडीसारखा वाटे. शनिवारवाड्यातले सोळा पाकळ्यांच्या कमळाचे हजारी कारंजे तुम्ही पाहिले असेलच. पेशव्यांनी कात्रजच्या तळ्यांतून पुण्यात पाणी आणले ते निव्वळ उताराच्या जोरावर. विटलीला बाष्पयंत्राने पाणी टेकडीवरच्या हौदात चढवायचे आणि तिथून खाली सोडायचे अशी योजना होती. त्यामुळेच धारेला एवढा जोर मिळाला. कारंज्याची दुरुस्ती झाली असून उन्हाळ्याच्या मोसमात ते दिवसातून ठरावीक वेळांना सुरू करतात. त्या वेळा जावयांना आधी पाहून ठेवायला सांगा, कारण बंद कारंज्यापुढे उभे राहून केलेले वर्णन यजमानांना पटणार नाही.

आणि या कारंज्याचा शिल्पकार कोण, तर जेम्स फोर्साइथ. आपल्या हुतात्मा चौकातले फ्लोरा फाउंटन याच माणसाच्या हातचे आहे. त्याचा आराखडा नॉर्मन शॉ यांचा, घडण फोर्साइथ यांची, आणि पोर्टलंडचा दगड बोटीने मुंबईला आणून १८६४ मध्ये ते उभे केले गेले. ते आधी राणीच्या बागेत बसवायचे घाटत होते, पण शेवटी किल्ल्याच्या पाडलेल्या चर्चगेट दरवाजाच्या जागी बसवले गेले. विटलीच्या पूर्वेकडच्या बागेतही फ्लोरा देवीच्याच नावाचे एक कारंजे आहे, पण त्याचे आता अवशेष म्हणावेत इतकेच उरले आहे. मुंबईच्या फ्लोरेला रंगांच्या थरांखाली बरीच वर्षे काढावी लागली असली तरी २०१९ मध्ये तिची डागडुजी झाली आणि ती आपल्या जागी धडधाकट उभी आहे. ठाण्याहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरून ज्यांनी वर्षानुवर्षे त्या चौकातून कचेरी गाठली असेल, त्यांना विटलीला गेल्यावर एखादा जुना ओळखीचा माणूस परगावी भेटल्यासारखे वाटते. निदान मला तसे वाटले. जाण्यापूर्वी एकदा फ्लोरा फाउंटन नीट थांबून पाहून जा, एवढे मात्र करा.

घराचा शेवट असा झाला. १९२० मध्ये डडली घराण्याने ते किडरमिन्स्टरच्या हर्बर्ट स्मिथ या गालिच्यांच्या कारखानदाराला विकले. त्यांनी घराचा काहीच भाग वापरात ठेवला आणि थोडक्या नोकरांवर भागवले. सप्टेंबर १९३७ मध्ये तळघरातल्या भटारखान्याच्या बाजूने आग लागली आणि मधला व पूर्वेकडचा भाग जळाला. सगळे घर काही जळाले नव्हते, ते पुन्हा उभे करता आले असते, पण मालकांनी तो नाद सोडला आणि १९३८ मध्ये लिलाव पुकारला. त्यानंतर ज्यांच्या हाती घर गेले त्यांनी उचलण्याजोगे जे होते ते उचलून विकले. म्हणजे आगीने जे ठेवले ते व्यापाऱ्यांनी नेले. आपल्याकडे भाऊबंदकीत अडकलेल्या वाड्याचे खांब, तुळया, कोरीव महिरपी जुन्या लाकडाच्या बाजारात जातात आणि मग त्यांतून कुणाच्या तरी हॉटेलातली टेबले होतात, त्यातलाच हा प्रकार. १९७२ मध्ये सरकारने कायद्याचा बडगा उगारून वास्तू देखभालीखाली घेतली आणि १९८४ पासून ती इंग्लिश हेरिटेज या संस्थेकडे आहे.

घराला लागूनच एक चर्च आहे, ते चुकवू नका. १७३५ च्या या चर्चला आगीची झळ लागली नाही आणि तिथे अजूनही उपासना होते. बाहेरून ते साधे दिसते. आत पाऊल टाकले की पांढऱ्या आणि सोनेरी नक्षीने डोळे दिपतात. ही नक्षी दगडाची किंवा चुन्याची वाटते, पण तिचा बराचसा भाग कागदाच्या लगद्याचा आहे. छतावरची बेलुच्ची या इटालियन चित्रकाराची चित्रे आणि रंगीत काचांच्या खिडक्या लंडनजवळच्या कॅनन्स नावाच्या दुसऱ्या एका महालातून आल्या आहेत. तो महाल १७४७ मध्ये मोडीत निघाला तेव्हा फोलींनी त्या विकत घेतल्या. एका मोडलेल्या घराचे सामान घेऊन सजलेले देऊळ दुसऱ्या मोडलेल्या घराशेजारी शाबूत उभे आहे. वाडा पडला तरी वाड्यातल्या देवाची पूजा चुकत नाही, हे दृश्य आपल्याला नवे नाही.

गुडघ्याविषयी. गाडी लावतात तिथून वाड्यापर्यंत झाडीतून आणि तळ्याच्या कडेने चालत जावे लागते. रस्ता चढाचा नाही, पण बागेत पायऱ्या आहेत आणि काही ठिकाणी खडी आहे, म्हणून चपला न घालता पट्ट्यांचे किंवा लेसचे बूट घाला आणि काठी घेऊन जा. तिकडे म्हाताऱ्या माणसाने काठी घेतली तर कुणी वळून पाहत नाही. मे महिना म्हणजे तिकडे उन्हाळ्याचे तोंड, पण आपल्या दृष्टीने तो ठाण्यातल्या जानेवारीपेक्षाही गार असतो, शिवाय छप्पर नसलेल्या घरात पावसापासून आडोसाही नसतो. तेव्हा स्वेटर आणि छत्री दोन्ही हवीत. दीड महिन्यात अशी आणखी ठिकाणे पाहायचा विचार असेल तर परदेशी पाहुण्यांसाठी इंग्लिश हेरिटेजचा ९ किंवा १६ दिवसांचा पास मिळतो, तो किफायतशीर पडतो का ते मुलीला हिशेब करून पाहायला सांगा. जावयांना नाही म्हणायचे काही कारण मला तरी दिसत नाही.

प्रश्न : इंग्लंडमध्ये जळालेले किंवा पडलेले वाडे तसेच राखून ठेवतात असे वाचले. त्यांच्याकडे पैसा आहे, जुने नकाशे आहेत, छायाचित्रे आहेत. मग पूर्वीसारखे पुन्हा का बांधत नाहीत? आपल्याकडे मात्र रायगडापासून शनिवारवाड्यापर्यंत ‘पुन्हा उभारा’ अशी मागणी सतत होत असते. यात बरोबर काय?
एक वाचक, नेरुळ

उत्तर : ते कधी बांधतात, कधी बांधत नाहीत. नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या ताब्यातल्या, ससेक्समधल्या अपपार्क या घराला १९८९ मध्ये छपराच्या दुरुस्तीचे काम चालू असताना आग लागली. घर पेटलेले असतानाच कर्मचाऱ्यांनी आणि गावकऱ्यांनी आतले बरेच सामान बाहेर काढले. सामान वाचले होते आणि विम्याचे पैसे होते, म्हणून ते घर पुन्हा उभे राहिले आणि १९९५ मध्ये लोकांसाठी खुले झाले. सरे परगण्यातले क्लँडन पार्क २०१५ मध्ये जळाले. तिथे आतले जवळजवळ सगळे गेले. आधी मुख्य दालने पूर्ववत करायचे ठरले होते. पण २०२२ मध्ये त्याच संस्थेने विचार बदलला, आणि उघड्या पडलेल्या भिंती तशाच राखून वर छप्पर घालायचे ठरवले. या निर्णयावरून तिकडेही बराच वाद झाला. तेव्हा वाद फक्त आपल्याकडेच होतो असे नाही.

पुन्हा बांधण्याविरुद्धचा विचार मात्र तिकडे जुना आहे. १८७७ मध्ये विल्यम मॉरिस या कवी-कलावंतांनी जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी एक संस्था काढली, ती मुख्यतः जीर्णोद्धाराच्या नावाखाली जुने खरवडून नवे चढवले जाते या रागातून. त्यांचे म्हणणे असे की डागडुजी करा, आधार द्या, पाणी मुरू देऊ नका, पण जे गेले ते होते असे भासवू नका. विटलीचे घर १९७२ मध्ये सरकारकडे आले तोवर त्याचे मजले, लाकूड, सजावट सगळे गेले होते. ते पुन्हा करणे म्हणजे दुरुस्ती ठरली नसती. नवा महाल बांधून त्याला जुने नाव दिल्यासारखे झाले असते. शिवाय १८७० नंतर अमेरिकेतले स्वस्त धान्य येऊ लागल्याने जमिनीचे उत्पन्न घटले, १८९४ पासून वारसाहक्कावर जबर कर बसला, पहिल्या महायुद्धात वारस आणि नोकर दोघेही गेले. ज्या व्यवस्थेवर ही घरे चालत होती ती व्यवस्थाच संपली. आपल्याकडेही १९४८ च्या कूळकायद्यानंतर अनेक वाड्यांची तीच गत झाली. कुळाचा खंड यायचा बंद झाला की शाकारणीला पैसे उरत नाहीत, आणि एकदा छप्पर गळू लागले की चार पावसाळ्यांत वाडा बसतो.

पडक्या भिंती नुसत्या राखायलाही पुष्कळ कौशल्य लागते. भिंतीचा माथा उघडा राहिला की पाणी आत शिरते, म्हणून तो चुन्याने नीट बंद करावा लागतो. काही ठिकाणी त्यावर गवताचा पातळ थर लावून त्यालाच टोपीसारखे वापरतात. सिमेंट वापरले तर आत शिरलेली ओल बाहेर पडायला वाट राहत नाही आणि जुना मऊ दगड पापुद्रे सुटून झडतो. आपल्या कोकणात तर पिंपळ आणि उंबर हे शत्रू वेगळेच. बोटाएवढे रोप दिसले की ते मुळासकट काढायला हवे, नुसते कापले तर ते आतून पुन्हा फुटते आणि पाच वर्षांनी चिरा फाकवते. मला विचाराल तर शनिवारवाडा पुन्हा बांधण्यापेक्षा ठिकठिकाणच्या गढ्यांवरचे पिंपळ वेळीच काढले गेले तर मी जास्त आनंदी होईन, पण हे माझे मत आहे आणि ते अनेकांना पटत नाही.

प्रश्न : आम्हाला परदेशी जाणे जमणार नाही. ठाणे-नवी मुंबईच्या जवळ, एका रविवारी जाऊन येता येईल आणि मुलांनाही काही समजेल असे एखादे पडके जुने घर किंवा वास्तू आहे का?
एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर : वसईचा किल्ला. किल्ला म्हटल्यावर तट आणि तोफा डोळ्यांपुढे येतात, पण वसई हे तटाच्या आतले एक अख्खे शहर होते. १५३४ च्या तहाने ते गुजरातच्या बहादूरशहाकडून पोर्तुगीजांकडे गेले आणि मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी जिंकून घेईपर्यंत त्यांच्याच हाती राहिले. आत पोर्तुगीज सरदारांची घरे होती, मठ होते, चर्चे होती. आता छपरे नाहीत, कमानी आणि मनोरे आहेत, आणि काही चर्चांच्या जमिनीत पोर्तुगीज अक्षरे कोरलेल्या थडग्यांच्या शिळा अजून दिसतात. मुलांना तिथली एक शिळा दाखवून तिच्यावरचे आकडे वाचायला लावा. अक्षर कळले नाही तरी साल वाचता येते, आणि चारशे वर्षांपूर्वीचे साल स्वतः वाचले की मुले आपोआप प्रश्न विचारू लागतात.

ठाणेकरांनी तिथे आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. त्या सरदारांना साष्टी बेटातली गावे इनामासारखी दिलेली होती आणि ठाणे हे साष्टीतलेच. म्हणजे आपल्या खाडीकाठच्या भातशेतीचा पैसा त्या घरांत गेला होता. १७३७ मध्ये मराठ्यांनी आधी ठाणे आणि साष्टी घेतली, तेव्हा वसईची रसदच तुटली. विटली कोर्टबद्दल वर लिहिले तेच इथेही लागू पडते : घर पाहताना ते कुठल्या शेतावर उभे राहिले ते विचारावे.

कोपरखैरण्याहून स्वतःचे वाहन असेल तर घोडबंदर रस्त्याने जा, आणि रविवारी सकाळी लवकर निघा, कारण त्या रस्त्याच्या वाहतुकीबद्दल मी लिहायला बसले तर सदर त्यातच संपेल. लोकलने जायचे तर आधी ठाण्याला आणि मग दादरला गाडी बदलून वसई रोडला उतरा आणि तिथून किल्ल्याकडे बस किंवा रिक्षा मिळते. पाणी आणि टोप्या घ्या. पडक्या जिन्यांवर आणि भिंतींच्या माथ्यावर मुलांना चढू देऊ नका. छायाचित्रासाठी तिथे चढणारे मोठे लोकही मी पाहिले आहेत. जमलेच तर पुढे कधी वाईजवळ मेणवलीला नाना फडणविसांचा वाडाही मुलांना दाखवा. तो धड आहे, आणि तिथल्या घाटावरच्या देवळापाशी वसईच्या मोहिमेतून आणलेली घंटा टांगलेली आहे. वसईत रिकामे मनोरे पाहिलेल्या मुलाला ती घंटा ओळखीची वाटेल. बेलापूरचा किल्ला तुम्हाला अगदी जवळ आहे, पण तिथे पाहायला फार थोडे उरले आहे, त्यामुळे मुलांना पहिल्या खेपेस तिथे नेऊ नये असे वाटते.

प्रश्न : माझा दहा वर्षांचा मुलगा वसईच्या किल्ल्यातून कौलाचा की खापराचा एक तुकडा खिशात घालून घेऊन आला आहे. शाळेच्या प्रकल्पात चिकटवायचा म्हणतो. असे तुकडे तिथे शेकडो पडलेले असतात. एक ठेवला तर काय बिघडते?
एक वाचक, ऐरोली

उत्तर : ती वास्तू केंद्र सरकारच्या पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. संरक्षित वास्तूची मोडतोड करणे किंवा तिचा भाग काढून नेणे हा १९५८ च्या कायद्याप्रमाणे गुन्हा आहे, आणि २०१० च्या दुरुस्तीनंतर त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दहा वर्षांच्या मुलाला कुणी कैदेत टाकणार नाही, हे मलाही ठाऊक आहे. पण तो तुकडा जमिनीत ज्या जागी होता, तिथे तो कुठल्या छपराचा आणि कुठल्या काळातला हे अभ्यासकाला सांगू शकत होता. वहीत चिकटवल्यावर तो नुसते खापर उरतो.

हे मी अनुभवाने सांगते आहे. आमच्या आजोळचा वाडा विकला गेला तेव्हा मी कॉलेजात होते. सामान उचलायला माणसे आली त्याच्या आदल्या संध्याकाळी मी माजघराच्या दाराचा पितळी कोयंडा स्क्रू काढून पिशवीत टाकला. आज तो ठाण्यात माझ्या टेबलाच्या खणात आहे. दार कुणी नेले, कुठे लागले, काही पत्ता नाही, आणि माझ्या फ्लॅटमधल्या कुठल्याच दाराला तो बसत नाही. खण उघडला की तो कागदपत्रांखालून खडखडतो.

तेव्हा प्रकल्पासाठी मुलाला त्या तुकड्याचे चित्र काढू द्या. पट्टी लावून लांबी-रुंदी मोजू द्या, रंग आणि जाडी लिहू द्या, आणि मग एखाद्या रविवारी त्याला घेऊन पुन्हा वसईला जा आणि तुकडा जिथून उचलला तिथेच ठेवायला सांगा. नेमकी जागा तुम्हाला आठवणार नाही, पण त्याला आठवेल.